पद्मिनीचं हेड पॅकिंग पुन्हापुन्हा का जातं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची 1986 ची प्रीमियर पद्मिनी चेंबूरला सोसायटीत उभी असते, आठवड्यातून एक-दोनदा निघते. दोन वर्षांत हेड पॅकिंग, म्हणजे इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधली गॅस्केट, तीनदा बदललं. टॅपेट कव्हरचं (इंजिनाचं वरचं झाकण) आणि ऑइल चेंबरचं (खालचं तेलाचं भांडं) पॅकिंग किती वेळा बदललं याचा तर हिशेबच राहिलेला नाही. दोन-तीन महिने बरे जातात, मग पुन्हा खाली तेलाचे डाग आणि रेडिएटरचं पाणी कमी. मेकॅनिक म्हणतो, आता ओरिजिनल माल मिळत नाही, इंजिनच बदलून टाका. बदलावं का?

नका बदलू. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेलं हे 1089 सीसीचं इंजिन, खाली बिडाचा ब्लॉक आणि वर ॲल्युमिनियमचं हेड, इतकं साधं आणि सोशिक आहे की मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर संसार चालवले. शिवाय बदलून जे इंजिन मिळेल तेही कुठल्या तरी भंगारात काढलेल्या गाडीचंच असेल, आणि त्याच्या पोटात काय आहे ते कोणालाच माहीत नसेल. तुमच्या इंजिनाचा इतिहास निदान तुमच्या घरात आहे.

पॅकिंगचा माल बरा-वाईट असतो हे खरं. 2023 च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या, तेव्हापासून चांगलं सामान शोधावं लागतं हेही खरं. पण एकाच जागचं पॅकिंग तीन वेळा गेलं, तर चौथं चांगल्यातलं आणूनही जाणार. पॅकिंग स्वतः काहीच धरून ठेवत नाही. ते दोन धातूंच्या मधली बारीकशी उणीव भरून काढतं, इतकंच त्याचं काम. धरून ठेवतात ते स्टड, म्हणजे ब्लॉकमध्ये रोवलेले आट्यांचे दांडे. या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 68 मिलिमीटरचा, म्हणजे पिस्टनच्या डोक्यावरची जागा साधारण 36 चौरस सेंटिमीटर. पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला 40 किलोच्या आसपास जातो असं धरलं, तर प्रत्येक स्फोटाला एका सिलिंडरवरून हेडला जवळजवळ दीड टनाचा धक्का बसतो. तो पेलायचा तर दोन्ही पृष्ठभाग सपाट हवेत आणि ताण सगळीकडे सारखा हवा. यातलं एक जरी बिघडलं तरी मधलं पॅकिंग बिचारं किती दिवस टिकेल?

तुमच्या गाडीला दोन वेगळी दुखणी आहेत, आणि दोन्ही एकाच बिलात एकत्र केल्यामुळे एकही बरं झालेलं नाही. टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर (इंजिनाच्या पुढचं झाकण), ऑइल चेंबर इथून तेल येतं त्याचं कारण बहुधा इंजिनाच्या पोटात साठणारा दाब. हेड पॅकिंग जातं त्याचं कारण बहुधा उष्णता आणि पृष्ठभाग. दोन्हींची तपासणी वेगळी आहे.

पहिल्या आठवड्यात काहीही उघडू नका. आधी इंजिन धुवा. थंड इंजिनावर रॉकेल किंवा डिझेल आणि जुना रंगाचा ब्रश घेऊन सगळा चिकटा काढा, मग साबणाचं पाणी, मग कोरडं करा. डिस्ट्रिब्युटर आणि कार्बोरेटरवर आधी प्लॅस्टिक बांधा. पेट्रोलने धुऊ नका, एखादी ठिणगी पुरते. पूर्ण वाळल्यावर सांध्यांवर साधी टाल्कम पावडर फुंकरून बसवा, गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा आणि टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्यावर तेलाची ओली रेघ लगेच उठून दिसते. आता नियम एकच: सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोधायचा. तेल वरून खाली ओघळतं आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे जातं. त्यामुळे टॅपेट कव्हरच्या पुढच्या कोपऱ्यातून निघालेलं तेल चेंबरच्या मागच्या टोकाशी थेंब धरतं, आणि आपण चेंबर उतरवत बसतो. तुमचं चेंबरचं पॅकिंग विनाकारण बदललं गेलं असण्याची मला दाट शंका आहे.

रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा आणि त्यावर चारही चाकांच्या जागा पेनाने आखा. सकाळी डाग कुठे पडला, काळा (इंजिनाचं तेल) आहे की हिरवट (रेडिएटरचं कूलंट), हे पाहिलं की अर्धं काम झालं. गिअरबॉक्सच्या तेलाचा उग्र, गंधकासारखा वास एकदा ओळखला की विसरत नाही.

आता पोटातला दाब. आपल्याकडे गॅरेजमध्ये याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की स्फोटाचा थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, उतरतो. थोडा तर नव्या इंजिनातही उतरतो, म्हणूनच त्याला बाहेर जायला ब्रीदर दिलेला असतो. हा ब्रीदर तुंबला, किंवा उतरणारा वायू त्याच्या आवाक्याबाहेर गेला, की दाब दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट म्हणजे सगळ्यात कमकुवत पॅकिंग. एक बंद केलं की दुसरं गळतं. "टॅपेट कव्हर केलं तर चेंबर सुरू झालं" असं तुम्ही लिहिलंत, ते वाचताच मला ब्रीदर आठवला.

इंजिन गरम असताना, आयडलवर, तेल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर तळहात हलकेच धरा. थोडी फुंकर जाणवली तर ठीक. हात उचलला जात असेल, धूर धक्क्याधक्क्याने येत असेल, तर बॅक कॉम्प्रेशन आहे. नेमकं मोजायचं असेल तर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घ्या, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बांधा, निम्मी पाण्याने भरा, एक टोक डिपस्टिकच्या (तेलाची पातळी बघायच्या पट्टीच्या) भोकात घट्ट बसवा, दुसरं उघडं ठेवा. झाकण लावून इंजिन चालू करा. दोन्हीकडचं पाणी जवळपास एका पातळीत राहायला हवं. उघड्या बाजूचं पाणी काही सेंटिमीटर वर चढलं तर दाब साठतोय. दहा सेंटिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण तेवढ्या दाबाने 40 बाय 12 सेंटिमीटरच्या पत्र्याच्या कव्हरवर आतून जवळजवळ पाच किलोचा रेटा पडतो, तोही सतत, आणि पलीकडे पातळ झालेलं गरम तेल.

ब्रीदरची नळी काढून दोन्ही टोकांनी फुंकून बघा. वर्षानुवर्षं उभ्या-चालत्या गाडीत ती काळ्या राळेने भरलेली सापडते, कुठे आत जाळी असेल तर ती पूर्ण बंद. रबराची नळी आतून फुगून बंद झालेलीही मी पाहिली आहे, बाहेरून अगदी ठणठणीत. कधी कोणी तेलाचा वास येतो म्हणून नळीच्या तोंडाला बूच मारलेलं असतं. जाळी रॉकेलमध्ये धुवा, नळी नवी टाका, आणि त्याच आठवड्यात पुन्हा पावडरचा प्रयोग करा. कितीतरी गाड्यांचं दुखणं इथेच संपतं, खर्च नळीपुरता.

नाही संपलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज, प्रत्येक सिलिंडरला सारखेच सेल्फ. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर चालतं. मग कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला चढला तर रिंगा झिजल्या आहेत. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील, म्हणजे समजा पहिले दोन 125 आणि पुढचे दोन 75, तर त्या दोघांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर पॅकिंग जळलंय असं समजा. ही तपासणी कोणतंही गॅरेज थोड्या वेळात करून देतं. तीन हेड पॅकिंग बदलण्याआधी ती एकदाही झाली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

टॅपेट कव्हर आणि चेंबर दोन्ही पत्र्याचे. गळतंय म्हणून दर वेळी बोल्ट थोडा जास्त आवळला जातो, बोल्टच्या भोकाभोवतीचा पत्रा आत दबतो आणि दोन बोल्टच्या मधला भाग वर उचलला जातो. मग पॅकिंग बोल्टपाशी चिरडतं आणि मधे सैल राहतं. कव्हर सपाट काचेवर उपडं ठेवा, दबलेली भोकं उंचवट्यासारखी टेकलेली दिसतील. लाकडी ठोकळ्यावर ठेवून लहान हातोडीने ती हलक्या हाताने परत सपाट करायची. एक-दोन ठोके, पुन्हा काचेवर, पुन्हा ठोका. हे काम घाईत होत नाही आणि याची मजुरी कोणी मागत नाही, म्हणून कोणी करत नाही. पण पत्र्याच्या कव्हरची गळती थांबते ती इथे.

कॉर्कचं पॅकिंग दुकानात पडून सुकलं की आखडतं आणि भोकं जुळत नाहीत. ओढून बसवलं तर फाटतं. थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा, ते मूळ मापाला येतं. मग पुसून, थोडं सुकवून लावा. साध्या कॉर्कपेक्षा रबरमिश्रित कॉर्क मिळाला तर तोच घ्या. कव्हरच्या बाजूला शेलॅकसारख्या चिकटणाऱ्या सिमेंटने पक्कं करा आणि इंजिनाच्या बाजूला ग्रीसचं बोट फिरवा, म्हणजे पुढच्या वेळी टॅपेट सेट करताना (व्हॉल्व्हची फट जुळवताना) कव्हर पॅकिंगसकट अखंड निघेल. बोल्ट लहान पान्याने, बोटांच्या ताकदीने. कॉर्क कडेने किंचित फुगला की थांबायचं.

आणि सिलिकॉन. कॉर्कच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन फासलं की ओलं असताना ते वंगणाचं काम करतं. बोल्ट आवळताच कॉर्क घसरून बाहेर येतो. जितकं बाहेर दिसतं तितकंच आत गेलेलं असतं. आत गेलेल्या सिलिकॉनच्या अळ्या सुटून चेंबरमध्ये पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीला चिकटतात. तेलाचा दाब गेला तर बेअरिंगं जातील, ते नुकसान चार थेंब गळण्यापेक्षा फार मोठं. सिलिकॉनची जागा आहे ती टायमिंग कव्हर आणि चेंबर जिथे मिळतात तिथल्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढी. तुमच्या चेंबरची आतली बाजू आणि जाळी या वेळी नक्की पाहून घ्या.

मागून, क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातून तेल येत असेल, तर लगेच इंजिन उतरवू नका. त्या काळच्या अनेक इंजिनांत मागचं तेल रोखण्याची व्यवस्था आजच्या रबरी सीलइतकी पक्की नसते आणि पोटात दाब नसेल तरच ती काम देते. ब्रीदर आधी, सील नंतर. तेलही 20 डब्ल्यू 40 किंवा 20 डब्ल्यू 50 वापरा. नव्या गाड्यांचं पातळ सिंथेटिक या सांध्यांत धरत नाही. आणि पातळी सपाट जमिनीवर पाहा, सोसायटीच्या उतारावर नाही. जास्त भरलेलं तेलही बाहेरच येतं.

आता हेड. इथे हातचं राखून चालणार नाही.

ॲल्युमिनियम बिडाच्या दुप्पट प्रसरण पावतं. चार सिलिंडरचं हेड साधारण 35 ते 40 सेंटिमीटर लांब. इंजिन सकाळच्या 30 अंशांवरून 90 अंशांवर गेलं की हेड अर्धा मिलिमीटर लांबतं आणि खालचा ब्लॉक पाव. म्हणजे प्रत्येक वेळी गाडी गरम होताना हेड पॅकिंगच्या अंगावर थोडं सरकतं, थंड होताना परत येतं. पॅकिंग हे सोसतं, त्यासाठीच ते बनलेलं असतं. पण इंजिन एकदा खरंच तापलं, मानखुर्दच्या ट्रॅफिकमध्ये काटा लाल रेषेपलीकडे गेला आणि कोणी वरून थंड पाणी ओतलं, की स्टडने जखडलेलं हेड लांबायला जागा न मिळाल्याने वाकतं, आणि थंड झाल्यावरही पूर्ण सरळ होत नाही. म्हणून पहिला प्रश्न पॅकिंगचा नाहीच: गाडी तापते का, आणि का तापते?

मुंबईत मला वारंवार दिसणारं कारण म्हणजे काढून टाकलेला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झाल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप. "आपल्याकडे गरमी आहे, काय करायचाय" म्हणून तो काढतात. त्याने सकाळच्या छोट्या फेरीत इंजिन गरमच होत नाही, तेलात ओल साठून गाळ होतो, रिंगा लवकर झिजतात. आणि ट्रॅफिकमधलं तापणं थांबत नाही, कारण ते गाळाने भरलेल्या रेडिएटरमुळे असतं. थर्मोस्टॅट परत बसवा. उकळत आलेल्या पाण्यात थर्मामीटरबरोबर सोडून तो 80 अंशांच्या आसपास, त्याच्यावर कोरलेल्या आकड्याजवळ, उघडतो का ते पाहून मगच. यावरून आठवलं: पावसाळ्यात तेलाच्या झाकणाखाली दुधी साय दिसली म्हणून हेड उघडायला धावू नका. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं चालणाऱ्या गाडीत ती नुसत्या बाष्पाने येते. डिपस्टिकवरचं तेलही दुधी असेल तर मात्र काळजीचं.

दुसरं कारण पाणी. महापालिकेचं तलावाचं पाणी तसं सौम्य, पण उन्हाळ्यात सोसायटीत टँकर किंवा बोअरवेलचं येतं, आणि समुद्राजवळच्या बोअरवेलचं पाणी खारट. ते रेडिएटरमध्ये गेलं की हेडमधल्या पाण्याच्या भोकांच्या कडा खाऊन टाकतं. ॲल्युमिनियम पांढऱ्या पिठासारखं झडतं आणि भोक पसरत पसरत पॅकिंगच्या कडेखाली पोचतं. डिस्टिल्ड वॉटर आणि चांगला हिरवा कूलंट, डब्यावरच्या प्रमाणात, दर दोन वर्षांनी बदलून. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको असं समजू नका. आपल्याला तो गंजापासून रक्षणासाठी हवा.

तिसरं, ब्लॉकमधला गाळ. गंजाचा लाल चिखल पाण्याच्या वाटेत मागच्या बाजूला, चौथ्या सिलिंडरभोवती बसतो. रेडिएटर नवा टाकला तरी तो सिलिंडर तापतच राहतो. हेड उतरेल तेव्हा ब्लॉकच्या बाजूच्या गोल पत्र्याच्या बुचा काढून घ्या आणि तारेने खरवडून, पाण्याच्या जोराने हे सगळं बाहेर काढा. बुचा नव्या टाका. निघणारा चिखल पाहून तुम्हाला स्वतःलाच पटेल. ठिणगीचं टायमिंग मागे पडलेलं असेल किंवा मिश्रण फार कोरडं (पेट्रोल कमी, हवा जास्त) असेल तरीही गाडी तापते, तेही बघून घ्या.

हेड उघडायच्या आधी रेडिएटरमध्ये स्फोटाचा वायू येतो का ते तपासता येतं. रेडिएटरच्या तोंडावर नळकांडं बसवून त्यातल्या निळ्या द्रवातून हवा ओढतात. द्रव पिवळा झाला तर पॅकिंग गेलं किंवा हेडला तडा आहे. मोठ्या गॅरेजात हे किट असतं.

हेड उतरलं की जुनं पॅकिंग फेकू नका. तो पुरावा आहे. कोणत्या जागी जळलंय, कुठे भोकाभोवतीच्या पत्र्याच्या रिंगेवर दाबाची खूण फिकट आहे, ते ब्लॉकवर जसं होतं तसं ठेवून पाहा. आधीची दोन पॅकिंग मेकॅनिककडे पडून असतील तर तीही मागवा. तिन्ही एकाच जागी गेलेली असतील, तर पाणी कुठे मुरतंय ते तिथेच आहे. फक्त जुनं पॅकिंग ॲस्बेस्टॉसचं असू शकतं. ते कोरडं घासू नका, हवेच्या पाइपने फुंकू नका; पाण्याने भिजवून खरवडा आणि पिशवीत बांधून टाका.

पृष्ठभाग साफ करताना ग्राइंडरला लावायच्या घासणीच्या चकत्या वापरू देऊ नका. ॲल्युमिनियम मऊ आहे. मेकॅनिकला दिसणार नाही असा खड्डा दोन सेकंदांत पडतो, आणि चकतीची धूळ तेलात जाऊन बेअरिंग खाते. हेडला लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी, बिडाला आडवं धरलेलं ब्लेड, शेवटी थिनरचा फडका.

मग सरळ धारेची पोलादी पट्टी आणि फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पातींचा जुडगा. हेडवर लांबीत, रुंदीत, दोन्ही कर्णांत, आणि दर दोन सिलिंडरच्या मधून. 0.05 मिलिमीटरची पात कुठेही सरकली की मी हेड फेसिंगला, म्हणजे मशीनवर सपाट करून घ्यायला, पाठवतो. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) खाली ब्लॉकमध्ये असल्याने या हेडचं फेसिंग सरळ काम आहे. ओव्हरहेड कॅमच्या हेडला वाकल्यावर कॅमची वाटही बघावी लागते, ती भानगड इथे नाही. मात्र निघेल तितकं थोडंच काढायला सांगा, आणि आधी किती वेळा फेसिंग झालंय ते विचारा. फार पातळ झालेलं हेड पुन्हा वाकतं.

इथपर्यंत बहुतेक गॅरेजं करतात. हीच पट्टी ब्लॉकवर कोणी ठेवत नाही.

दादरच्या एका गृहस्थांची पद्मिनी अशीच फिरत फिरत माझ्याकडे आली होती. हेडचं फेसिंग दोनदा झालेलं, पॅकिंग चांगल्या कंपनीचं, आणि दर वेळी तिसऱ्या सिलिंडरपाशी जळायचं. हेड आरशासारखं सपाट. ब्लॉकवर पट्टी ठेवली आणि पलीकडून बॅटरी धरली, तर तिसऱ्या बोअरच्या कडेला पट्टीखालून उजेडाची कोरभर रेघ दिसली. तिथे 0.10 ची पात सहज गेली, एक इंच बाजूला 0.03 सुद्धा जाईना. त्या ब्लॉकला कधीतरी चारही बोअरमध्ये स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसवायच्या नळ्या) ठोकलेल्या होत्या आणि तिसरी स्लीव्ह खाली बसली होती. पॅकिंगची रिंग नेमकी त्या कडेवर टेकते, आणि तिथेच खाली आधार नव्हता. हेड कितीही घासलं असतं तरी ते पॅकिंग जळणारच होतं. ब्लॉक मशीन शॉपला दिला, ती स्लीव्ह बदलून नीट टेकवून बसवली, वरून ब्लॉकचंही हलकं फेसिंग केलं, आणि गाडीने पुन्हा तक्रार केली नाही. तुमच्या गाडीचा बोअर वाढवून घेतलाय का, स्लीव्ह आहेत का, हे वडिलांना विचारा. माझा पहिला संशय तिथेच आहे.

ब्लॉकवरच बघायची आणखी एक गोष्ट म्हणजे स्टडच्या मुळाशी उचललेलं बीड. जास्त आवळल्याने भोकाभोवती बारीक वर्तुळाकार उंचवटा येतो; नखाने लागतो. मोठ्या ड्रिलने हाताने फिरवून तिथली कड मारून टाकायची. स्टड काढून आटे ब्रशने साफ करा, बारीक झालेला किंवा ताणलेला स्टड सरळ बदला. भोकाच्या तळाशी तेल किंवा पाणी राहिलं तर स्टड त्यावर टेकतो, टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) "झालं" म्हणतो आणि हेड दबलेलंच नसतं. कधी ब्लॉक तडकतोही.

नवं पॅकिंग आधी कोरडं ठेवून पाहा. पाण्याचं प्रत्येक भोक जुळतंय ना? बोअर वाढवलेला असेल तर पॅकिंगची रिंग बोअरच्या आत डोकावत नाही ना? डोकावणारी कड लाल होते आणि तिथूनच जळायला सुरुवात होते. "टॉप" लिहिलेली बाजू वर. इटालियन मालावर "आल्तो" असतं, तीही वर. बनवणाऱ्याने सांगितलं नसेल तर कोणताही लेप न लावता कोरडंच बसवा.

आवळायचं मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच, अंदाजाचा नाही. आट्यांना आणि वॉशरखाली तेलाचा थेंब, वॉशर जाड आणि सपाट. "माझ्या हाताला टॉर्क कळतो" म्हणणाऱ्या अनुभवी माणसाचाही एका नटाला दुसऱ्यापेक्षा बराच फरक पडतो, हे पाना लावून तपासलं की दिसतं.

खर्चाचा क्रम मी असा ठेवीन: आधी धुणं, ब्रीदर आणि कॉम्प्रेशन, मग रेडिएटर-थर्मोस्टॅट, आणि हेड पुन्हा पाणी पिऊ लागलं तरच ते उघडणं. उघडलं तर मात्र ब्लॉकसकट. तुमच्या मेकॅनिकला सोडायची गरज नाही. पट्टी, फिलर गेज आणि टॉर्क पाना त्याच्या हातात द्या आणि मापं वहीत लिहून घ्या. जुन्या सामानासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाउसकडची दुकानं अजून कामाची आहेत. जुनं पॅकिंग बरोबर न्या, म्हणजे भोकं तिथेच जुळवून घेता येतील.

काम झाल्यावर गाडी एकदा पूर्ण गरम करा, पंखा आणि काटा बघत, आणि रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी त्याच क्रमाने एकेक नट पाव फेरा सैल करून पुन्हा टॉर्कला आणा. गरम असताना नको. ॲल्युमिनियम फुगलेलं असताना पाना खोटं सांगतो. हेड थोडं खाली बसल्याने टॅपेटची फटही कमी होते, म्हणून लगेच टॅपेट सेट करा. पाचशेएक किलोमीटरनंतर हे दोन्ही पुन्हा. आणि मग वडिलांना शेजारी बसवून बोर घाट चढून लोणावळ्याला जाऊन या. तिथे पोचल्यावर इंजिन थंड होऊ द्या, रेडिएटरचं झाकण उघडा आणि पाण्याची पातळी बघा. निघताना होती तिथेच असली, तर परतीच्या वाटेवर काट्याकडे बघायची गरज नाही.